साठीपुढच्यांचा ट्रेलर

सहा रेघा वर चढल्या आणि सातवी धाडकन खाली आली.

ट्रेलर कापणाऱ्याने खुर्ची पुढे ओढली. भिंतीपलीकडच्या छोट्या थिएटरात साठी उलटलेली सात माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात एक गोल बटण. आवडलं की उजवीकडे फिरवायचं, नावडलं की डावीकडे. त्याला माणसं दिसत नसत. दिसायच्या त्या फक्त स्क्रीनवरच्या रेघा, प्रत्येक बटणाची एक.

एकाच सिनेमाचे त्याने चार ट्रेलर कापले होते. कॉलेजवाल्यांना मोटारसायकल, नव्या जोडप्यांना रुसवेफुगवे, मुलांना कुत्रा. कुत्रा अख्ख्या सिनेमात दोनदा येतो, पण मुलांच्या ट्रेलरमध्ये तोच हिरो! ते तिन्ही पहिल्या फटक्यात पास झाले. साठीपुढच्यांचा मात्र दोनदा आपटला होता. आज आपटला, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

म्हणून त्याने हुकमी दृश्य घातलं. म्हातारा फोन लावतो. मुलगा नाव बघतो आणि फोन टेबलावर उलटा ठेवतो. म्हातारा रिकाम्या घरात फोन कानाला लावून तसाच उभा राहतो. सिनेमात हे चार सेकंद होतं, त्याने ताणून अकरा केलं. कुठे ताणायचं ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. सकाळीच वडिलांचा फोन आला, तेव्हा त्याने आपला फोन असाच उलटा ठेवला होता. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण हल्ली वाईट वाटलं, की हे ट्रेलरमध्ये चालेल हेच आधी सुचायचं.

वडील शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे. हा इकडे एकटा. मधे पाऊण तासाची बस. ते पूर्वी घरांचे नकाशे काढत. लिहिताना आधी सगळी अक्षरं उघडी ठेवायची आणि मग वरून एका दमात एकच लांब रेघ ओढायची, ही त्यांची खोड. त्याच्या शाळेच्या वह्यांवर नावं त्यांनीच अशी घातलेली. मागे एकदा त्यांनी विचारलं होतं, "तुमच्याकडे म्हाताऱ्यांना ट्रेलर दाखवतात ना रे? मी येऊ?" नातेवाईक चालत नाहीत, असं तो म्हणाला होता. नियम होताच तसा. त्याला हायसं वाटलं होतं, हेही खरं.

थिएटर सांभाळणाऱ्या बाई फॉर्मचा गठ्ठा घेऊन आत आल्या.

"सात नंबरचं बटण बिघडलंय का हो?" त्याने विचारलं.

"बटण ठणठणीत आहे. ते काकाच तसे. कंपनीचं नाव आलं तेव्हाच उजवीकडे पार टोकाला नेलं, अजून ट्रेलरचा पत्ता नव्हता! आणि त्या फोनपाशी जे डावीकडे आणलं, ते शेवटपर्यंत."

त्याने हिशेब केला. सातवा फॉर्म धरला तर ट्रेलर नापास. वगळला तर पास.

"हा एक बाद करता येईल?"

"कारण लागतं. कुणाचा नातेवाईक निघाला, तर होतो बाद."

त्याने फॉर्म ओढून घेतला. वर नाव नव्हतं, फक्त नंबर. पहिला प्रश्न होता, कंपनीत कुणी नातेवाईक आहे का. खाली दोन शब्द. 'कोणी नाही.' दोन्ही शब्दांवरून एका दमात ओढलेली एकच लांब रेघ.

त्याने घाईने फॉर्म उलटला.

शेवटचा प्रश्न होता, ट्रेलरमधलं काय काढावं. तिथे त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मुलगा फोन उलटा ठेवतो तो भाग. मुलं तशी नसतात. कामात असतात.'

"काय झालं? ओळखीचे आहेत का?" बाई म्हणाल्या. "तसं असेल तर आत्ता बाद करते. सुटलात."

"बाद करू नका. तो भाग मी काढतो."

"अहो, मग नापास! काम जाईल हातचं."

"जाऊ दे."

टेबलावर फोन अजून उलटाच पडला होता. त्याने तो सरळ केला आणि लावला. भिंतीपलीकडे, चहाच्या कपांच्या किणकिणाटात, कुणाचा तरी फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.