ढिम्म आकडा

“पेट्रोल पोचलं ना तुमच्याकडे?” मागच्या पंपिंग स्टेशनवरच्या ऑपरेटरने फोनवर विचारलं. “आज जरा जोरात ढकललंय आम्ही.”

“नाही अजून. रॉकेलच चालू आहे,” डेपोच्या कंट्रोल रूममधून ती म्हणाली आणि पाइपातल्या तेलाचा हिशेब ठेवणाऱ्या फ्लो कॉम्प्युटरकडे बघितलं. घनता ७९८.४. रॉकेलचीच. एकाच पाइपातून आधी रॉकेल आणि त्याच्या पाठोपाठ पेट्रोल यायचं होतं. पेट्रोल हलकं, ते आलं की आकडा घसरतो आणि इथल्या ऑपरेटरने, म्हणजे तिने, तेव्हाच्या तेव्हा तेल दुसऱ्या टाकीत वळवायचं असतं. सगळी भिस्त त्या आकड्यावर.

फोन ठेवला तरी तिची नजर तिथून निघेना. वाहतं तेल कधी स्वस्थ बसत नाही. जरा तापलं, जरा निवलं की शेवटचा अंक चुळबुळतोच. हा मात्र ढिम्म होता.

“भावजी, मघाशी घनतेचा मीटर साफ केलात ना?”

“हो वहिनी. चकाचक.” दीर टेबलाशी बसून हत्यारं पुसत होता. तिनेच शब्द टाकून त्याला इथे तंत्रज्ञ म्हणून चिकटवलं होतं. घराचं कुलूप चारदा ओढून बघणारा माणूस. तिला कधी काळजी वाटली नव्हती.

“तेव्हा कॉम्प्युटरमध्ये घनता हाताने भरली असेल.”

“भरावीच लागते. मीटर बंद असताना कॉम्प्युटरला हिशेबाला काहीतरी...” तो बोलता बोलता थांबला. “काढायची राहिली.”

तो धडपडत आला, बटणं दाबली. हाताने भरलेला आकडा गेला आणि मीटरचा खरा आकडा आला. ७३८.९.

पेट्रोल केव्हाचं रॉकेलच्या टाकीत जात होतं.

तिने पेट्रोलच्या टाकीची झडप उघडली, रॉकेलची बंद करायला घेतली. मोटरवर चालणारी झडप आपल्याच चालीने मिटत होती. तोवर दोघांचाही जीव टांगणीला लागला. पडद्यावर ‘बंद’ असं आलं तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

“वहिनी, एवढ्या मोठ्या टाकीत काय जाणवणार?” तो हळूच म्हणाला. “आता आकडा बरोबर आहे. कुणाला कळणार नाही. मला अजून कायमही केलेलं नाही हो.”

“ज्याच्या घरी स्टोव्हचा भडका उडेल, त्याला कळेल.”

उद्या सकाळी त्याच टाकीतून टँकर भरायचे होते. तिला दिराचा भयंकर राग आला होता, आणि रडूही येत होतं. तिने साहेबांना फोन लावला.

“साहेब, रॉकेलची टाकी सील करा. पेट्रोल गेलंय तिच्यात.”

पलीकडून साहेबांनी विचारलं, “कुणामुळे?”

तिने दिराकडे बघितलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. तेवढ्यात दिराने उठून हात पुढे केला.

तिने रिसीव्हर त्याच्या हातात दिला, पण तिची बोटं काही लगेच सुटली नाहीत.