खिडकीतला उजेड

कुंदाताईंनी परसातल्या शेवग्याच्या फांदीला आकडी अडकवली, तेव्हा खिडकीशी खाटेवर पडलेले दिगंबरकाका जिवाच्या आकांतानं ओरडले. तोंडातून नुसतं "आं… आं…" निघालं.

"तुमच्यासाठीच चाललंय हो," ताई बाहेरून म्हणाल्या. "सगळा उजेड अडवलाय मेलीनं."

अर्धांगवायूनं वाचा गेली आणि काकांचं जग त्या खिडकीएवढं झालं. मुलगा कामावर गेला की शेजारच्या कुंदाताई न चुकता येत, पेज भरवत, तोंड पुसत. पण पौषात शेवग्याची पानं झडली, माघात नवी पालवी नि फुलं आली आणि फुलांमागोमाग शिंजीर पाखरांची जोडी आली, हे काकांनी एकट्यानंच पाहिलं होतं. याच फांदीच्या टोकाला कोळ्याची जाळी नि वाळकी पानं गुंफून त्या जोडीनं घरटं टांगलं होतं. खालून बघणाऱ्याला तो अडकलेला कचराच वाटावा. कालपासून त्यातून इवल्या चोची बाहेर येत होत्या.

काकांच्या एका हातात जीव होता. ती मूठ त्यांनी खाटेवर आपटली.

"कळलं, कळलं, आनंद झालाय!" ताईंनी हसत हिसका दिला. शेवग्याचीच फांदी ती, कडकन मोडली.

फांदी ओढत नेऊन त्यांनी कुंपणापलीकडे टाकली आणि हात धुऊन पेज घेऊन आत आल्या. "बघा, कसं लख्ख झालं!"

खिडकीबाहेर मादी चोचीत अळी धरून रिकाम्या हवेत एकाच जागी फडफडत होती. काकांचे डोळे वाहू लागले.

"अगंबाई, ऊन डोळ्यांवर आलं वाटतं." ताईंनी पदरानं ते हलकेच टिपले आणि पडदा ओढून घेतला.