फोटोमागचं नाव

चौथ्या पाकिटातही फोटो तिचाच होता. ती बाल्कनीत केस वाळवत उभी, आणि काढणारा खाली रस्त्यावर. चिठ्ठी नाही, धमकी नाही. आधीच्या तीन पाकिटांसारखंच हेही सकाळी दाराच्या फटीतून आत सरकवलेलं सापडलं होतं.

"साहेब, हा माणूस माझ्या दारापर्यंत येतो," ती म्हणाली. ऑफिसात पोचताच तिने चारही फोटो साहेबांच्या टेबलावर मांडले होते.

साहेबांनी ते उलटे केले. छापणारे स्टुडिओवाले मागच्या बाजूला बारीक अक्षरात फाइलचं नाव उमटवतात. चारही नावांची सुरुवात एकच होती, शेवटचे आकडे तेवढे वेगळे.

"संशय कुणावर?"

"आपल्या अकाउंटंटवर."

तो तिच्याच गल्लीत राहायचा. जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन गच्चीवर पक्षी टिपत बसायचा. आणि तिच्याकडे टक लावून बघायचा. एकदा मनात संशय शिरला की माणूस घड्याळाकडे बघत असला तरी आपल्याकडेच बघतोय असं वाटतं, ही गोष्ट वेगळी.

"बढतीचं काय करायचं?" साहेबांनी विचारलं. "वरून सारखी विचारणा होतेय."

"नको म्हणून कळवा. या अवस्थेत परक्या शहरात एकटी कशी राहू?"

साहेबांनी फोटो परत पाकिटांत घातले. "बघ त्याचं मशीन," ते म्हणाले. "पण नानांना बरोबर घे."

नाना म्हणजे तिच्या कॉम्प्युटर खात्यातले जुने जाणते. ऑफिसातली सगळी मशीनं या दोघांच्या ताब्यात होती. तिच्या पडद्यावर काळ्या खिडक्यांची नुसती भाऊगर्दी. एकेका खिडकीतून एकेका दूरच्या मशीनमध्ये शिरता यायचं: गोदामाच्या, वरच्या मजल्यावरच्या, घरच्या कॉम्प्युटरमध्येसुद्धा. घरातल्या फोनमधलं सगळं त्या घरच्या कॉम्प्युटरवर रोज आपोआप उतरतंय ना, हे ती सकाळी आल्याआल्या इथूनच बघायची. तिने अकाउंटंटच्या मशीनची खिडकी उघडली.

"मॅडम, माझं मशीन आज रडतंय का हो?"

दारात अकाउंटंटच उभा होता. ती दचकली. हाताखालचा माऊस घसरला, दोनतीन खिडक्या पुढेमागे झाल्या.

"चला, मी बघतो," म्हणत नाना त्याला घेऊन बाहेर गेले.

ती समोर आलेल्या खिडकीत टाइप करायला लागली. फाइल शोधायची आज्ञा तशी साधी. नावाचा माहीत असलेला तुकडा लिहायचा, माहीत नसेल तिथे स्टार टाकायचा. आपण ज्या फोल्डरमध्ये असू, तिथपासून आतलं सगळं ती धुंडाळते आणि जुळणारी नावं पुढ्यात ओतते.

चारही नावं आली. त्यांच्या खाली आणखी, आणि आणखी, पडदा भरून वर सरकू लागली. पुढच्या पाकिटांची तयारी झालेली होती. तिला वाचवेना. तिने डोळे मिटून घेतले आणि साहेबांना हाक मारली.

पुढचं भराभर झालं. पोलीस आले. अकाउंटंटच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "अहो, माझ्याकडे बगळ्यांशिवाय कशाचेही फोटो नाहीत!" तो सांगत राहिला. "मॅडम, एकदा नीट बघा हो. माझ्या घरी काय तोंड दाखवू?"

"चोर कधी कबूल करतो का?" साहेब म्हणाले.

त्यांनी नानांना फायलींची प्रत काढायला बसवलं आणि तिला घरी जायला सांगितलं. खाली आई टॅक्सी थांबवून उभीच होती. दोन दिवसांसाठी म्हणून आलेली आई पाकिटं सुरू झाल्यापासून परत गेलीच नव्हती. रोज आणायला यायची, रात्री तिच्याच खोलीत झोपायची. ती होती म्हणूनच आपण वेड्या झालो नाही, असं तिला मनापासून वाटायचं.

"आई, पकडलं त्याला!" टॅक्सीत बसताबसता ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. आईने तिला जवळ घेतलं.

"आता मी बढती घेते. साहेबांना आजच सांगते. सोमवारी निघायचं."

आईचा पाठीवरून फिरणारा हात थांबला. "तो एकटाच होता कशावरून? आणि एवढी घाई कसली गं?"

तेवढ्यात फोन वाजला. नाना होते.

"अगं, घोटाळा झालाय. तू शोधलंस ती खिडकी अकाउंटंटच्या मशीनची नाहीच. त्याच्या मशीनवर मी आत्ता शोधलं, तिथे काही नाही."

"मग मी कुठे शोधलं?"

"तुझ्या घरच्या कॉम्प्युटरवर," नाना चाचरत म्हणाले. "फोल्डरचं नाव आहे, 'आईचा फोन'."