मागच्या दाराची वाट

अमेरिकेतल्या श्रूजबरीत बर्फ पडून थांबला होता. निवृत्त डॉक्टर हेमचंद्र नातीला, अनयाला, आपल्या गावाचा नकाशा काढून दाखवत होते.

"हा मोठा रस्ता. ही आमच्या भावकीची सात घरं. पाहुणे रस्त्याने पुढच्या दारी यायचे. भावकीतली माणसं मात्र परसातल्या पायवाटेने, थेट मागच्या दारी."

अनयाने शेवटच्या घरावर बोट ठेवलं. "आजोबा, इथे नो पाथ?"

ते घर थोरल्या भावाचं. बांधावरून भांडण झालं आणि हेमचंद्रांनीच ती वाट काट्या टाकून बंद केली. दादा वारले, तेव्हाही ते गावी गेले नाहीत.

"होती एक," ते म्हणाले, आणि त्यांनी पेन्सिलीने ती वाट हळूच काढली.

अनया पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. "आजोबा, लुक! सेम पाथ!"

बॅकयार्डमधल्या कोऱ्या बर्फातून तांबड्या मातीची, चालून चालून मळलेली पायवाट थेट मागच्या दारापर्यंत आली होती. तिच्यावर बर्फाचा कणही नव्हता.

दारावर थाप पडली.

अनया धावली.

"थांब बाळा," हेमचंद्र गुडघ्यांवर हात टेकून उठले. "कडी मी लावली होती. मीच काढतो."