उंबऱ्यातली फायनल

चौऱ्याहत्तर साली कलकत्त्यातल्या आमच्या घरमालकांनी महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं. लेकीची मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्ये, तोवर मुदत मागावी म्हणून मी बेसनलाडवांची ताटली घेऊन खाली त्यांच्याकडे गेले. सगळं घर रेडिओला चिकटलेलं. दिल्लीत ड्युरँड कप फुटबॉलची फायनल चालू. मी उंबऱ्याआत पाय टाकला आणि त्यांच्या लाडक्या मोहन बागाननं गोल केला. “बौदी, हलू नका!” मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणणारे मालक ओरडले. “तुमच्या पायगुणानं झालाय!” एक पाय आत, एक बाहेर, हातात ताटली, अशी मी उभी. आलेली शिंकसुद्धा गिळली. हात भरून आले, पण लाडू कुणी उचलेना; तेवढ्यानं नशीब फिरलं तर? अखेर बागान जिंकलं. मालकांनी लाडू तोंडात टाकला. “काय काम होतं?” “जागा... मार्चपर्यंत...” “मार्च? मग पुढच्या फायनलला इथं कोण उभं राहणार?” तेव्हा कुठे मी दुसरा पाय आत घेतला.