निळ्या बशीचे तुकडे

फुटक्या बश्यांचे दागिने करणाऱ्या बाईच्या नशिबी घड्याळजी नवरा येऊ नये. मोडकं काही दिसलं की याचे हात शिवशिवलेच! वारलेल्या आईची निळी बशी दोन बहिणींच्या ओढाताणीत फुटली, दोघींनी अबोला धरला आणि तुकड्यांची दोन लॉकेटं करायचं काम हिच्याकडे आलं. ही बाजारातून येईपर्यंत यानं अख्खी बशी चिकटवून ठेवली! "अहो, कुणी सांगितले होते हे नसते उपद्व्याप?" "एकही तुकडा वाया गेला नाही," तो खुशीत. तिनं कपाळावर हात मारून घेतला, तोच बहिणी दारात! दोघी बशीपाशी येऊन वाकल्या. मग थोरलीनं ती धाकटीपुढे सरकवली. "तूच ने." "नको ताई, तुझ्याकडेच राहू दे." "ने म्हणते ना!" "मुळीच नाही!" बशीची ढकलाढकली बघून बाई किंचाळली, "अगं पोरींनो, हळू! सांधे अजून ओले आहेत!"