श्वेताचं भुताचं पुस्तक

सुपडूकाका पुस्तक उलट्या बाजूने वाचत होते, आणि समोर बसलेल्या हेतलला ते बघवत नव्हतं.

जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचायची असते. चुकून दुसऱ्या बाजूने उघडली तर तिथे मोठा बाण छापलेला असतो, बाबा रे, परत फिर म्हणून. पण सूचना पडली इंग्रजीत. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या कारखान्यात पंचवीस वर्षं कापडाचे ताके तपासणाऱ्या माणसाला इंग्रजीशी काय देणंघेणं? काका आपले मराठी पुस्तकासारखे डावीकडून निघाले होते. नुसती चित्रं बघत शेवटच्या आठदहा पानांपर्यंत पोचले होते. त्यांच्या लेखी शेवटच्या. खरं तर ती पहिली पानं होती.

पुस्तक हेतल आणि श्वेताचं, दोघींचं मिळून. श्वेता म्हणजे काकांची एकुलती एक लेक. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीआधी डेंग्यूने आठ दिवसांत गेली. आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशातून सुरतेत येऊन कितीही वर्षं झाली तरी या दिवशी माणसं गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आणि सासरी असलेल्या लेकींना माहेरी आणतात. या घरात कोपऱ्यात श्वेताची पहिली घागर होती, वर आंबा ठेवलेला. एकोणीस वर्षांच्या मुलीची घागर भरायची वेळ कुणावर येऊ नये.

हेतल पुस्तक न्यायला आली होती. त्यात पानोपानी कडेला श्वेताचं पेन्सिलीतलं अक्षर होतं, आणि मैत्रिणीचं म्हणावं असं तिच्यापाशी दुसरं काहीच उरलं नव्हतं. याच गोष्टीची मालिका दोघींनी आधी मोबाइलवर पाहिली, मग पुस्तक मागवलं, आणि श्वेता त्यात अशी बुडाली की जेवणाखाण्याचं भान नाही. गोष्ट तशी साधी. मिओ नावाची मुलगी एका सकाळी घरातून शाळेला निघते आणि नाहीशी होते. मग भुतं, झाकलेली विहीर, खोटं बोलणारे शेजारीपाजारी, आणि सगळ्यात शेवटी त्या विहिरीत सापडलेली मिओ. हेतलची भुतांनी गाळण उडायची. श्वेता हसायची. तिने एका पानाच्या कडेला लिहून ठेवलं होतं, 'भुताचं काय घाबरायचं? घरचे जेवायला बसलेत आणि मिओचं ताट मांडलेलं आहे, ते चित्र बघ.' खुनी कोण यावर दोघी तासन्‌तास भांडल्या होत्या. श्वेता प्रत्येक वेळी जिंकायची आणि वर चिडवायची.

याच पुस्तकावर पुढे सगळा राग निघाला. श्वेताला ताप आला तेव्हा तिच्या आईला, भागीरथीकाकूंना, वाटलं, पोरगी भुतं बघून धसकली. दोन दिवस मीठ-मोहऱ्या उतरवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठला, तोवर उशीर झाला होता. पुस्तकाचं नाव काढलं तरी काकूंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सहा महिने हेतलची या घराची पायरी चढायची छाती झाली नव्हती. आज काकांनी स्वतः फोन केला म्हणून ती आली.

“लई जाय ते,” काकू स्वयंपाकघराच्या दारातून पुस्तकाकडे बोट दाखवत म्हणाल्या. “घरमा नको माले.”

“थांब ना,” काका मान वर न करता म्हणाले. “थोडंसंच राह्यनं.”

त्यांनी हात धोतराला पुसून पान उलटलं. शाळेची घंटा. आणखी एक पान. सकाळचा रस्ता, दप्तर पाठीला लावलेली मिओ. काका चक्क हसले. हेतलला राग आला. श्वेताने जीव लावलेल्या गोष्टीचं या माणसाला काही म्हणता काही कळलं नव्हतं. त्या भयंकर शेवटासाठी श्वेताने हे पुस्तक चार वेळा वाचलं होतं. प्रत्येक वेळी रडली होती. आणि तिचे वडील हसत होते. श्वेता असती तर तिने पुस्तक हातातून ओढून घेऊन सरळ करून दिलं असतं, असं हेतलला वाटलं. आता ते काम आपलंच.

काका अगदी टोकाच्या पानावर आले. चित्रात मिओ घराच्या उंबऱ्यात उभी होती आणि तिची आई तिच्या वेणीची रिबीन बांधत होती. काकांनी त्या चित्रावर तळहात ठेवला.

“काका, सॉरी हां,” हेतलला राहवलं नाही. “पण तुम्ही पूरं उलटं वाचलं. हे उजवीकडून वाचायचं असतं. ती शेवटी मरते, काका. श्वेताने सांगितलं नव्हतं तुम्हाला?”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. दारातल्या काकू जागच्या जागी थिजल्या. काका मात्र दचकले नाहीत की ओशाळले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी हेतलपुढे धरलं, आणि तिने ते घ्यायला हात केला तरी सोडलं नाही.

“सांगेल व्हतं तिनं,” ते म्हणाले. “पयले तसंच वाचेल शे मी. पन इकडथीन वाचं का, बेटा, पोर शेवटले घर येस.”